आधी बुडखा पाहा!



समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या एखाद्या प्राचीन प्राण्याचे चित्र काढा, असे तुम्हाला कोणी सांगितले तर तुम्ही काय कराल? एखादे पुस्तक उघडाल, त्यातले समुद्रकमळाचे चित्र शोधाल आणि वहीत उतरवून घ्याल. वर फुलासारखा डोलारा, त्याखाली लांबच लांब देठ. पण हा देठ खाली कुठे जातो? बहुतेक चित्रांत तो कुठेच जात नाही. पानाच्या कडेशी तो कापलेला असतो. फार तर चित्रकाराने दोन आडव्या रेघा ओढून तिथे समुद्राचा तळ आहे, एवढे सुचवलेले असते.

माझे म्हणणे असे की, हे चित्र अर्धे आहे, आणि जो अर्धा भाग गाळला तोच अधिक बोलका आहे. प्राणी जमिनीला जिथे धरून असतो तो भाग, म्हणजे त्याचा बुडखा, आपण आधी पाहिला पाहिजे. डोलारा नंतर पाहिला तरी चालेल. हे वाचून तुम्हाला कदाचित हसू येईल. फूल सोडून बुडखा कोण पाहतो? पण भूशास्त्राच्या इतिहासात याच दुर्लक्षाची किती मोठी किंमत मोजावी लागली, ते ऐका आणि मग ठरवा.

धरून का राहायचे?

जमिनीवरच्या प्राण्याला अन्नासाठी हिंडावे लागते. समुद्रात तसे नाही. तिथे पाणीच अन्न घेऊन येते. सूक्ष्म जीव, कुजलेल्या वनस्पतींचे कण, अंडी, पिल्ले असे किती तरी पदार्थ प्रवाहाबरोबर वाहत असतात. एका जागी बसायचे, हात पसरायचे आणि येईल ते टिपायचे, एवढे केले तरी पोट भरते. मात्र त्यासाठी एक अट आहे. प्रवाहाने अन्न आणावे, पण तुम्हाला घेऊन जाऊ नये!

आता थोडा विचार करा. पाणी तळाला घासून वाहते, म्हणून अगदी तळाजवळ त्याचा वेग कमी असतो. जसजसे वर जावे तसतसा वेग वाढतो आणि दर मिनिटाला समोरून जाणारे अन्नही वाढते. म्हणजे उंच देठ फायद्याचा. पण उंचीबरोबर धोकाही वाढतो. वादळात उंच वाढलेली ज्वारी लोळते आणि बुटके गवत तसेच उभे राहते, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगायला नको. तरफेचा नियमच तो. जोर जितका वर लागेल, तितका बुडाशी ताण अधिक. ज्वारी आणि मका खालच्या पेऱ्यांतून आधाराची मुळे फेकतात, ती याचसाठी.

दुसरी अडचण जमिनीची. तंबू ठोकताना मुरमाड जमिनीत एक प्रकारची खुंटी चालते, वाळूत ती निघून येते. समुद्राचा तळही कुठे खडकाचा, कुठे वाळूचा, कुठे लोण्यासारख्या मऊ चिखलाचा. त्यामुळे बुडखा नुसता पाहिला तरी दोन गोष्टी कळतात. प्राण्यावर ताण किती होता आणि त्याच्याखालची जमीन कशी होती. डोलारा पाहून यांतली दुसरी गोष्ट क्वचितच कळते.

डोळ्यांसमोरच्या चकत्या

इंग्लंडमध्ये लेस्टरशायर परगण्यात चार्नवुड नावाचे जंगल आहे. तिथले खडक सुमारे ५६ कोटी वर्षांपूर्वीचे. तिथल्या एका खाणीत दगडावर गोल कड्यांसारख्या खुणा दिसत. एकोणिसाव्या शतकापासून लोकांना त्या ठाऊक होत्या. पण कँब्रियन काळाच्या आधीच्या खडकांत जीवाश्म नसतात, असे तेव्हा सर्वजण मानत. त्यामुळे या खुणा निर्जीव ठरल्या आणि विषय संपला.

पुढे १९५६ साली टीना नेगस नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीला त्याच भागात दगडावर पिसासारखा एक ठसा दिसला. तिने आपल्या शिक्षिकेला सांगितले. उत्तर मिळाले, "त्या खडकांत जीवाश्म नसतात." पुढच्या वर्षी, १९५७ साली, रॉजर मेसन नावाच्या शाळकरी मुलाने आणि त्याच्या सोबत्यांनी तोच ठसा पाहिला. मेसनच्या वडिलांच्या ओळखीमुळे ही बातमी लेस्टर विद्यापीठातील ट्रेव्हर फोर्ड यांच्यापर्यंत पोहोचली. फोर्ड यांनी १९५८ साली या जीवाश्माचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला 'चार्निया मेसनी' हे नाव दिले. त्यांच्या त्याच निबंधात दुसऱ्या एका जीवाश्माचेही वर्णन होते. त्याचे नाव 'चार्निओडिस्कस'. ही एक गोल चकती होती.

पिसासारख्या ठशाने जगाचे लक्ष वेधले. पण शंभर वर्षे लोकांच्या डोळ्यांसमोर असलेल्या त्या गोल चकत्या कोण होत्या? ते त्या पिसासारख्या प्राण्यांचे बुडखे होते! चकती गाळात रुतलेली आणि तिच्या मधून देठ वर गेलेला, अशी ही रचना.

ही गोष्ट एकट्या इंग्लंडची नाही. कॅनडात न्यूफाउंडलंड बेटावर एल्काना बिलिंग्ज या शास्त्रज्ञांनी १८७२ साली अशाच चकत्यांना 'अस्पिडेला' असे नाव दिले होते. बऱ्याच जणांनी त्या जीवाश्म म्हणून मानल्याच नाहीत. कोणी म्हणाले, या वायूच्या बुडबुड्यांच्या खुणा. कोणी म्हणाले, या खडकातल्या गाठी. ऑस्ट्रेलियात एडिआकारा टेकड्यांत रेग स्प्रिग यांना १९४६ साली गोल ठसे सापडले. त्यांना वाटले, ही जेलीफिश. आकार गोल, मधे केंद्र, म्हणून तसे वाटणे स्वाभाविकच होते.

मग शंका कोठून आली? बुडाकडे नीट पाहिल्यावर. जेलीफिश मरून तळावर पडले तर कधी पालथे पडेल, कधी उताणे, कधी दुमडलेले. या चकत्या मात्र एकजात एकाच बाजूने बसलेल्या. काहींच्या मधोमध तुटलेल्या देठाचा तुकडा, तर काहींना पूर्ण देठ आणि वर पिसारा चिकटलेला. तेव्हा उलगडा झाला. सगळ्या नसल्या तरी यांतल्या पुष्कळशा चकत्या म्हणजे गाळात रुतलेले बुडखे होते. पिसारा पाण्यात उघडा असे, तो वादळात वाहून जाई किंवा कुजे. बुडखा गाळाखाली सुरक्षित राही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात बिलिंग्ज यांच्या अस्पिडेलाचाही असाच उलगडा करण्यात आला. नाव ठेवल्यानंतर तब्बल १२८ वर्षांनी!

न्यूफाउंडलंडमध्येच मिस्टेकन पॉइंट नावाची जागा आहे. सुमारे साडेछपन्न कोटी वर्षांपूर्वी तिथे खोल समुद्राच्या तळावर ज्वालामुखीची राख पडली आणि खालचे सारे प्राणी जागच्या जागी गाडले गेले. खडकावरचे पिसारे बहुतांशी एकाच दिशेला पडलेले दिसतात. बुडखे जागेवर आणि पिसारे आडवे, म्हणजे त्या दिवशी प्रवाह कोणत्या दिशेने वाहत होता तेसुद्धा समजते. २०१६ साली युनेस्कोने या जागेला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

गालिचा गेला आणि...

आता एक प्रश्न विचारतो. चिखलात नुसती चकती रुतवून इतका उंच पिसारा उभा कसा राहत असेल? याचे उत्तर त्या काळच्या जमिनीत आहे. त्या वेळी चिखल उकरणारे प्राणी जवळजवळ नव्हतेच. त्यामुळे समुद्राच्या तळावर सूक्ष्मजीवांचे चिवट थर पसरलेले असत. डबक्यातल्या शेवाळाचा पापुद्रा तुम्ही पाहिला असेल. तसाच, पण मैलोगणती पसरलेला गालिचा डोळ्यांसमोर आणा. गालिच्याने चिखल बांधून ठेवलेला. त्याच्याखाली चकती सारली की नांगर पक्का!

सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी कँब्रियन काळ सुरू झाला आणि पुढे तळ उकरणारे किडे वाढत गेले. शेतात नांगरट व्हावी तसा समुद्राचा तळ वरखाली होऊ लागला. गालिचे फाटले. पूर्वीची घट्ट जमीन पाणचट चिखलाची झाली. काही शास्त्रज्ञ या बदलाला सागरतळाची क्रांती म्हणतात.

या क्रांतीत कोणाचे काय झाले पाहा. कॅलिफोर्नियात 'हेलिकोप्लॅकस' नावाचे जीवाश्म सापडतात. १९६३ साली त्यांचे प्रथम वर्णन झाले. ताराமाशाच्या दूरच्या भाऊबंदांपैकी हा प्राणी. चातीसारखा आकार, अंगावर पिळाच्या रांगांत बसवलेले कवचाचे तुकडे, लांबी जेमतेम काही सेंटिमीटर. खालचे टोक गाळात खोचून तो उभा राही. त्याला देठ नव्हता, मुळे नव्हती, चिकटायला चकती नव्हती. जमीन घट्ट होती तोवर हे चालले. जमीन सैल झाली आणि हे प्राणी कँब्रियन काळातच नामशेष झाले. त्यांच्याच नात्यातल्या दुसऱ्या काही प्राण्यांनी शिंपल्यांच्या तुकड्यांना, कठीण खडकांना चिकटून घेतले किंवा देठ वाढवून अंग चिखलापासून वर उचलले. त्यांचे वंशज टिकले.

म्हणजे हेलिकोप्लॅकसच्या डोलाऱ्यात काही खोट नव्हती. पायाखालची जमीन बदलली आणि बुडखा तिला पुरा पडला नाही. नुसते वरचे अंग पाहून हे कारण कोणाच्या लक्षात आले असते का?

नांगरांचे प्रकार तरी किती!

समुद्रकमळे दिसायला फुलासारखी, पण ते प्राणी आहेत. ४५ कोटी वर्षांहून अधिक काळ ते समुद्रात आहेत आणि खोल पाण्यात आजही जिवंत आहेत. त्यांचा देठ मण्यांच्या माळेसारख्या चकत्यांचा असतो. बुडख्याच्या बाबतीत मात्र त्यांनी कमाल केली. खडकाळ तळावर राहणाऱ्यांनी देठाच्या टोकाशी चुन्याचे घट्ट बूड बनवले आणि ते खडकाला चिकटवून टाकले. चिखलात राहणाऱ्यांनी झाडासारख्या फांद्या फुटलेली मुळे पसरली. उत्तर अमेरिकेतल्या 'अँसायरोक्रायनस'च्या देठाला तर होडीच्या नांगरासारखे आकडे होते.

'स्किफोक्रायनायटीस' नावाच्या समुद्रकमळाच्या देठाखाली एक पोकळ, कप्पेदार गोळा असे. हा गोळा सुटा सापडत असल्यामुळे तो निराळाच जीवाश्म समजला गेला आणि त्याला 'कॅमॅरोक्रायनस' हे वेगळे नावही मिळाले. बुडखा एका नावाने आणि डोलारा दुसऱ्या नावाने! गोळ्याचा उपयोग नांगर म्हणून नसून तरंगण्यासाठी होता आणि समुद्रकमळ त्याला उलटे लोंबकळत असे, असे आज बरेच शास्त्रज्ञ मानतात.

जर्मनीत होल्त्समाडेन येथे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत लाकडाच्या ओंडक्यांना चिकटलेली समुद्रकमळे सापडली आहेत. तिथल्या संग्रहालयात असा एक ओंडका आहे, लांबी सुमारे १२ मीटर. त्या समुद्राच्या तळाशी प्राणवायू फार कमी होता. तेव्हा या प्राण्यांनी तळ सोडून वाहता ओंडकाच धरला. लाकडाला चिकटलेला बुडखा सापडला नसता, तर ही समुद्रकमळे तळावर उभी होती असेच आपण धरून चाललो असतो.

ब्रॅकिओपॉड नावाच्या दोन शिंपांच्या प्राण्यांचीही हीच तऱ्हा. पुष्कळांच्या एका शिंपेत चोचीपाशी बारीक भोक असते. त्यातून मांसल देठ निघून खडकाला धरी. 'प्रॉडक्टस' आणि त्याच्या भाऊबंदांना मोठेपणी असा देठ नसे. त्याऐवजी शिंपेवर लांब काटे असत. ते चिखलात पसरून प्राण्याचा भार पेलीत आणि त्याला बुडू देत नसत. दलदलीत फळ्या टाकून चालावे, त्यातलाच प्रकार.

आक्षेप आणि उत्तर

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप घेता येतील. पहिला असा की, बुडख्यावरून प्राण्याचे नाव ठरत नाही. निरनिराळ्या प्राण्यांची चकती एकसारखी दिसू शकते. हा आक्षेप अगदी खरा आहे. केवळ चकतीवरून नाव देऊ नये, हे मलाही मान्य. पण नाव कळणे म्हणजेच सर्व काही कळणे, असे थोडेच आहे? प्राणी जगला कसा, कुठे आणि कशावर, हे प्रश्न नावाइतकेच महत्त्वाचे आहेत.

दुसरा आक्षेप तुमच्याकडून येईल. "अभ्यासक्रम आधीच मोठा, त्यात हे आणखी कशाला?" मी धडा वाढवा म्हणत नाही. आहे त्याच चित्रात देठ शेवटपर्यंत काढा आणि त्याच्याखाली खडक आहे, चिखल आहे की ओंडका, ते लिहा. दोन ओळींचे काम आहे.

बुडाशी न पाहिल्याने किती फसगत होते, याचे एक उदाहरण आपल्या देशातलेच आहे. मध्य प्रदेशातील भीमबेटका येथील गुहेच्या भिंतीवर 'डिकिन्सोनिया' या अतिप्राचीन प्राण्याचा ठसा असल्याचे २०२१ साली एका शोधनिबंधात मांडले गेले. वर्तमानपत्रांत मोठी बातमी झाली. पुढे दुसऱ्या संशोधकांनी जाऊन तो ठसा खडकावर बसला आहे कसा, ते तपासले. तो खडकापासून सुटू लागला होता! म्हणजे तो खडकात नव्हताच, वरून चिकटलेला होता. ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले आणि पहिल्या निबंधाच्या मुख्य लेखकांनीही ते मोकळेपणाने मान्य केले. आकार पाहून मोह झाला होता, बूड पाहून उलगडा झाला.

आजचा तळ

हा प्रश्न केवळ जुन्या दगडांचा असता तर एवढे आवर्जून लिहिले नसते. आजही समुद्राच्या तळाला धरून राहणारे प्राणी अगणित आहेत. पोवळी, स्पंज, समुद्रपंख, कालवे. यंत्राच्या होड्या जड जाळी तळावरून ओढत नेतात तेव्हा मासळीबरोबर हे प्राणीही उपटले जातात. पोहणारा मासा दुसरीकडे जाऊ शकतो. धरून बसलेल्याला जाता येत नाही. शिवाय ज्या खडकाला किंवा शिंपल्याला त्याच्या पिल्लांनी धरायचे, तेही विस्कटते. मासळी किती धरली याचा हिशेब आपण ठेवतो. तळाचा हिशेबही ठेवला पाहिजे. हेलिकोप्लॅकसचा धडा हाच आहे की, जमीन मोडली तर तिला धरणारा प्राणीही जातो, मग त्याला कोणी हात लावो वा न लावो.

तुम्ही काय कराल?

महाराष्ट्राचा बराच भाग ज्वालामुखीच्या काळ्या खडकाचा. त्यात समुद्रकमळे शोधून सापडणार नाहीत. पण आपल्याला किनारा आहे. कोकणात किंवा गोव्यात गेलात तर ओहोटीच्या वेळी मोठ्या माणसाला बरोबर घेऊन खडकांपाशी जा. कालवाने एक शिंप खडकाला कशी सांधून टाकली आहे ते पाहा. शिनाण्यांना हलवून पाहा, उपटू नका. त्यांनी बारीक, चिवट धाग्यांनी खडक धरलेला असतो. शिनाणे आपल्या पायाच्या खाचेत हा धागा ओततो आणि त्याच्या टोकाची चकती ओल्या खडकाला चिकटवतो. आपला डिंक पाण्यात सुटतो, याचा सुटत नाही. हे गुपित ओळखून ओल्या जखमा चिकटवणारी द्रव्ये बनवण्याचे प्रयत्न शास्त्रज्ञ करीत आहेत.

खडकावरचे पांढरे, टोकदार बार्नेकलही पाहा. एकेकाळी त्यांना शिंपल्यांच्या वर्गात घालत. १८३० साली जॉन व्हॉन टॉमसन यांनी त्यांची पिल्ले पाहून ते खेकड्या-कोळंबीचे नातेवाईक असल्याचे दाखवले. पिल्लू जागा निवडते, डोक्याकडची बाजू खडकाला चिकटवते आणि जन्मभर तसेच राहते. चार्ल्स डार्विन यांनी या प्राण्यांच्या अभ्यासात आठ वर्षे घालवली होती.

एक वही करा. प्रत्येक प्राण्यासाठी तीन गोष्टी लिहा. तो कशाला धरून आहे, कसा धरून आहे आणि ते धरणे सुटले तर त्याचे काय होईल. प्राण्याचे नाव ठाऊक नसले तर जागा कोरी ठेवा, पण या तीन जागा कोऱ्या ठेवू नका.

आणि एखाद्या दगडावर विचित्र खूण दिसली, "तिथे काही नसते" असे कोणी सांगितले, तर वाद घालू नका. पण विसरूनही जाऊ नका. चित्र काढा, तारीख लिहा, ती खूण दगडावर कशी बसली आहे ते टिपून ठेवा आणि दुसऱ्या जाणकाराला दाखवा. चार्नवुडच्या चकत्या शंभर वर्षे कोणी तरी विचारील म्हणून थांबल्या होत्या. तुमच्या गावच्या दगडाला तेवढे थांबायला लावू नका.